लाल वॅक्सकॅप आणि आयनॅचरलिस्ट: नाव कुठवर धरावं, नोंद कशी करावी

ओल्या पाचोळ्यात दोन-तीन सेंटिमीटरची लालभडक, तुकतुकीत अळंबी. फोनने वरून एक फोटो काढला, आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी ठेवून त्यांची नावं ठरवणारी ऑनलाइन सेवा) चढवला आणि सुचवण्या मागितल्या, की यादीच्या माथ्यावर बहुधा ‘हे हायग्रोसायबी वंशातलं असावं, याची बऱ्यापैकी खात्री आहे’ अशा अर्थाची ओळ येते. तिच्याखाली जातींची नावं. वरची ओळ सहसा बरोबर निघते, पण खालची नावं पुष्कळदा नुसता अंदाज असतो. वॅक्सकॅपपुरतं, म्हणजे हायग्रोसायबी आणि जवळच्या वंशांतल्या मेणचट पात्यांच्या अळंब्यांपुरतं, बोलायचं तर वंशापर्यंत पोहोचवायला ही सेवा उत्तम आहे आणि जातीसाठी लागणारा पुरावा एका जागी ठेवायला त्याहून उत्तम. जात ठरवण्याचं काम मात्र तिच्या यंत्रावर सोपवू नये. बहुतेक लोक नेमकं तेच करतात. फोटोसोबतच्या पुराव्याकडे लक्ष देत नाहीत आणि सुचवणी बिनदिक्कत स्वीकारतात.

सेवेची ओळख थोडक्यात. 2008 साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ती सुरू झाली. 2014 मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे गेली, 2017 पासून नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही सोबत होती आणि 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटोवरून नाव सुचवणारी यंत्रणा 2017 मध्ये आली. वापरायला पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. ‘सीक’ हे तिचंच धाकटं अॅप. ते खात्याशिवाय चालतं आणि कॅमेरा रोखल्या रोखल्या नाव दाखवतं. मुलांसाठी ते छान आहे, वॅक्सकॅपसाठी पुरत नाही, कारण इथे एका फोटोत काम भागत नाही.

का भागत नाही, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. वॅक्सकॅपचा रंग हीच तिची सर्वांत ठळक खूण आणि तीच सर्वांत बेभरवशाची. हायग्रोसायबीच्या लाल-पिवळ्या रंगांत मस्काफ्लेविन आणि त्याच्याशी जवळचं नातं असलेली रंगद्रव्यं असतात, म्हणजे बीटाचा रंग ज्या बीटालेन गटातला, त्याच गटातली. ऊन, वय आणि कोरडेपणाने हा रंग उतरतो. हायग्रोसायबी मिनिआटाची टोपी ओली असताना शेंदरी-लाल दिसते आणि वाळत गेली की नारिंगी, मग पिवळट होते. एकाच झुबक्यात तीन रंगांच्या छत्र्या उभ्या असतात आणि तिन्ही एकाच जातीच्या असतात. जात ठरते ती टोपीचा पृष्ठभाग, पात्यांची (टोपीखालच्या पातळ पडद्यांची) देठाशी जोडणी, देठ कोरडा की बुळबुळीत, बुंध्याचा रंग, वास आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखालच्या बीजाणूंवरून. यातलं बहुतेक काही वरून काढलेल्या फोटोत नसतंच. यंत्र त्याला जे दिसतं त्यावरूनच बोलणार.

त्यात फोनचा कॅमेरा आणखी घोळ घालतो. झगझगीत लाल रंगावर फोनचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंग नोंदवणारा भाग, लगेच भरून जातो. टोपी सपाट, प्लॅस्टिकसारखी दिसते आणि तिच्यावरचे बारीक खवले किंवा रेघा पुसल्या जातात. नेमके तेच तर हवे असतात. उपाय साधा आहे. टोपीवर बोट टेकवून फोकस करा, मग एक्स्पोजरची पट्टी खाली ओढून अर्धा ते एक स्टॉप कमी करा. फोटो स्क्रीनवर किंचित काळपट वाटला तरी चालेल. अंगावर थेट ऊन पडत असेल तर छत्री किंवा पाठपिशवीची सावली धरा. फ्लॅश वापरू नका, ओल्या टोपीवर पांढरा डाग उमटतो आणि चिकटपणामुळे चमक आहे की फ्लॅशमुळे, हे कळत नाही. पोर्ट्रेट मोडही नको, तो देठाच्या कडा खातो.

आता फोटो कोणते? किमान पाच. पहिला वरून, टोपीच्या पृष्ठभागाचा, जवळून. दुसरा बाजूने, कॅमेरा जमिनीला टेकवून, पूर्ण देठासह. तिसरा खालून पात्यांचा. चौथा उभ्या छेदाचा: एक अळंबी धारदार सुरीने टोपीच्या मध्यापासून बुंध्यापर्यंत चिरून दोन्ही अर्धे शेजारी ठेवायचे. पाचवा परिसराचा, दोन पावलं मागे सरून. आजूबाजूला शेवाळ आहे की पाचोळा, झाडं कोणती, उतार कसा, हे त्यात दिसावं. कुठल्या तरी एका फोटोत मोजपट्टी ठेवा. नाण्यापेक्षा पट्टी बरी, कारण नाव सांगणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असू शकतो आणि तुमचं नाणं किती मोठं हे त्याला ठाऊक नसतं.

अळंबी उपटताना देठ चिमटीत धरून ओढू नका. वॅक्सकॅपचा देठ ठिसूळ आणि बहुधा पोकळ असतो, तो मधेच मोडतो आणि बुंधा मातीतच राहतो. सुरीचं टोक सेंटिमीटरभर लांब खुपसून खालून उचला. बुंध्याचा पांढरा, पिवळा किंवा नारिंगी रंग पुढे कामाला येतो. झुबक्यातली एकच घ्या, पूर्ण वाढलेली. शेजारची कोवळी आणि जून छत्री जागेवरच टिपा.

पाचपैकी सर्वांत जास्त बोलतो तो छेदाचा फोटो. हायग्रोसायबी कॉक्सिनिया आणि हायग्रोसायबी प्युनिसिया या दोघी लाल. पहिलीची टोपी सहसा पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत, पात्या देठाला रुंदीने चिकटलेल्या. दुसरी दहा सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते, रंग गडद रक्तासारखा, पात्या देठाजवळ अरुंद होऊन जेमतेम टेकलेल्या, देठ जाड, रेषाळ, बुंध्याशी पांढरा. वरून या दोघींची टोपी सारखी दिसू शकते, पण छेद पाहिला तर शंका फारशी उरत नाही. मिनिआटाची टोपी कोरडी आणि बारीक खवल्यांची. हायग्रोसायबी कॅन्थरेलसचीही तशीच, पण तिच्या पात्या देठावर खाली उतरतात. वॅक्सकॅपच्या पात्या जाडसर आणि एकमेकींपासून लांब असतात. बोटांत चुरडल्या की मेण चोळल्यासारखं लागतं. नावच त्यावरून पडलंय. ही चाचणी फोटोत येत नाही, म्हणून ती करून टिपणात शब्दांत लिहायची.

वासाचंही तसंच. बुंधा घट्ट चोळून लगेच नाकाशी धरा. हायग्रोसायबी रीडायला मधाचा वास येतो, स्प्लेंडिडिसिमाला तो वाळताना येतो, ग्लायोफोरस लीटसला जळक्या रबराचा, निओहायग्रोसायबी नायट्राटाला ब्लीचिंगसारखा. वास नसेल तर ‘वास नाही’ असंही लिहा, तीही माहितीच आहे. मग देठावर नखाने एक ओरखडा काढून ठेवा. हायग्रोसायबी कोनिकाच्या गटातली अळंबी ओरखड्याजवळ काळी पडते. काही वेळा हे मिनिटांत दिसतं, काही वेळा काही तासांनी, म्हणून घरी आल्यावर पुन्हा पाहून दुसरा फोटो जोडा. ‘काळी पडली नाही’ हे लगेच ठरवणं ही नेहमीची चूक आहे.

चिकटपणा तपासायला ओठ किंवा जीभ लावण्याची गरज नाही. सुक्या पानाचा तुकडा टोपीवर आणि मग देठावर टेकवा, उचलताना तार सुटते का बघा. ग्लायोफोरस सिटॅसिनस, म्हणजे पोपटी वॅक्सकॅप, दोन्हीकडे बुळबुळीत असते. ती जून झाल्यावर पिवळी, नारिंगी, कधी गुलाबीसर होते आणि यंत्र तिला भलतंच नाव देतं. अशा वेळी देठाच्या अगदी वरच्या टोकाशी, पात्यांलगत, हिरवी झाक शिल्लक आहे का ते पाहावं. तिथला एक जवळचा फोटो सगळा वाद मिटवतो.

चढवण्याच्या टप्प्यावर एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सुचवण्या देताना यंत्र एका वेळी एकच फोटो पाहतं आणि साधारणपणे तो पहिला असतो. परिसराचा फोटो पहिला ठेवला तर ते शेवाळाचं किंवा नेच्याचं नाव सुचवेल. म्हणून बाजूचा, टोपी-देठ-पात्या तिन्ही दिसणारा फोटो पहिला लावा. वेबवरच्या अपलोड पानावर एका नोंदीत 20 फोटो बसतात. सगळे वेगवेगळे चढले असतील तर ते निवडून एकत्र करा, नाहीतर एकाच अळंबीच्या पाच नोंदी होतात. उलट चूक जास्त वाईट: शेजारच्या दोन वेगळ्या लाल अळंब्यांचे फोटो एका नोंदीत घालणं. मग त्या नोंदीला कुठलंच नाव धड लागत नाही. शंका असेल तर दोन नोंदी करा आणि एकीच्या टिपणात दुसरीचा दुवा द्या.

जागेच्या अचूकतेचं वर्तुळही तपासा. दाट झाडीत जीपीएस भरकटतं. वर्तुळ शंभर मीटरच्या आत आणता आलं तर उत्तम. जागा नाजूक असेल, तुडवली जाण्याची भीती असेल, तर भू-गोपनीयतेत ‘अस्पष्ट’ पर्याय निवडा. मग खरा बिंदू लपतो आणि 0.2 अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी यादृच्छिक बिंदू दिसतो. विषुववृत्ताजवळ हा चौकोन साधारण 22 किलोमीटर बाजूचा होतो. ‘खासगी’ हा पर्याय टाळावा. नकाशावर काहीच न दिसल्याने ओळख सांगणाऱ्यांचा हात आखडतो.

आता सुचवणी. यादीतल्या नावाखाली ‘जवळपास अपेक्षित’ असा शेरा दिसतो का पाहा. तो दिसला म्हणजे आधीच्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजानुसार ती जात त्या भागात आढळू शकते, एवढंच. त्या नोंदी बरोबर आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. इथेच या सेवेचा वॅक्सकॅपबाबतचा मोठा दोष आहे. यंत्राला शिकवण्यासाठी एका जातीचे सुमारे शंभर फोटो तरी लागतात. युरोपच्या कुरणांतल्या वॅक्सकॅपचे फोटो भरपूर आहेत, उष्ण प्रदेशातल्या आणि दक्षिण गोलार्धातल्या जंगली वॅक्सकॅपपैकी पुष्कळांचे नाहीत. ज्या जातीचे फोटो पुरेसे नाहीत ती यंत्राच्या यादीतच नसते. मग ते सर्वांत जवळचं दिसणारं ओळखीचं नाव पुढे करतं आणि जंगलातल्या लाल छत्रीला युरोपातल्या कुरणातलं नाव चिकटतं. कुणीतरी ‘सहमत’ दाबतं आणि त्याच नोंदी पुढच्या शिकवणीत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. मिनिआटा आणि कोनिका ही दोन नावं जगभर इतकी पसरली आहेत, ती काही अंशी यामुळेही. डीएनएच्या अभ्यासात कोनिका हा अनेक जातींचा गट असल्याचं दिसलंय. तेव्हा कुठल्याही काळवंडणाऱ्या टोकदार अळंबीला हे नाव जातीच्या पातळीवर लावणं घाईचं आहे.

म्हणून नाव टाकताना सरळ ‘हायग्रोसायबी’ एवढंच टाका. हे कमीपणाचं नाही. जातीचा अंदाज असेल तर तो शेऱ्यात लिहा, कारणासह: ‘टोपी कोरडी, खवलेदार, पात्या उतरत्या, म्हणून हायग्रोसायबी कॅन्थरेलसच्या जवळची वाटते.’ अशा एका वाक्यामुळे जाणकार माणूस थांबतो. नुसत्या नावामुळे थांबत नाही.

वंशाबाबतही यंत्र फसतं अशा चार-पाच जागा आहेत. कॅन्थरेलस सिनाबॅरिनस ही शेंदरी चँटरेल लहान असताना हुबेहूब वॅक्सकॅप वाटते. तिच्या खाली खऱ्या पात्या नसतात, बोथट, फाटे फुटलेल्या घड्या असतात. कॉर्टिनॅरियस सँग्विनियस रक्तासारखी लाल, पण बीजाणू गंजाच्या तांबूस रंगाचे. वॅक्सकॅपचे पांढरे असतात. म्हणजे टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवून वर भांडं पालथं घातलं आणि रात्रभर ठेवलं तर सकाळी कागदावर पडलेल्या बीजाणूंचा ठसाच उत्तर देतो. त्या ठशाचा फोटोही नोंदीत जोडा. टोकदार नारिंगी एंटोलोमाचा ठसा गुलाबीसर येतो. लाल रुसुलाचा देठ खडूसारखा कचकन तुटतो आणि पात्या पांढऱ्या-पिवळट, दाट असतात. शेवाळातली इवलीशी नारिंगी रिकेनेला फिब्युला देठाला इतकी बारीक असते की मोजपट्टी असेल तर घोळ होत नाही.

या सगळ्यातून खाण्यायोग्यतेचा निष्कर्ष काढायचा नाही. ‘रिसर्च ग्रेड’ हा शेरा नोंद अभ्यासाला वापरता येईल असं सांगतो, ताटात वाढायला परवानगी देत नाही.

हा शेरा मिळतो कसा, त्याचं गणितही वॅक्सकॅपवाल्यांनी नीट जाणून घ्यावं. तारीख, जागा आणि फोटो असलेल्या, रानटी जीवाच्या नोंदीला किमान दोघांनी नाव द्यावं लागतं आणि दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जातीच्या पातळीवर जुळावी लागतात. दोघं एका बाजूला आणि एक विरोधात असेल तर काम होत नाही, कारण ते बरोबर दोन-तृतीयांश झाले. तिघं एका बाजूला हवेत. म्हणजे घाईने दिलेलं एक चुकीचं नाव खोडायला तीन जाणकारांचा वेळ जातो, आणि अळंब्यांची नावं सांगणारे जाणकार पक्ष्यांच्या मानाने फारच थोडे आहेत. आपण दिलेलं नाव चुकलं असं पटलं तर ते मागे घ्या. तेवढ्याने नोंद सुटते.

दुसऱ्याच्या नोंदीवर ‘कोनिका’ लिहिलेलं असेल आणि तुम्हाला फक्त हायग्रोसायबी एवढीच खात्री असेल, तर सेवा एक प्रश्न विचारते: जात कळत नाही, पण वंश नक्की, की हा पुरावा त्या जातीसाठी पुरेसाच नाही? पहिला पर्याय आधीच्या नावाला धक्का लावत नाही. दुसरा स्पष्ट असहमती नोंदवतो आणि नोंद वंशावर परत आणतो. फोटो फक्त वरून असेल तर दुसरा पर्याय निवडायला कचरू नये. सोबत एक सभ्य ओळ लिहावी की छेदाचा फोटो मिळाला तर पुढे जाता येईल. मागाहून फोटो जोडता येतात. आणि ज्या नोंदीला वंशाच्या पुढे नेणं शक्यच नाही, तिथे ‘यापेक्षा चांगली ओळख होऊ शकत नाही’ असं मत देता येतं. दोघांचं वंशावर एकमत असलं तर तीही रिसर्च ग्रेड होते. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

खरी खोली येते ती वाळवलेल्या नमुन्याने. वॅक्सकॅपमध्ये पाणी खूप, त्यामुळे ती पिशवीत एका दिवसात चिखल होते. त्याच संध्याकाळी उभी चिरून डीहायड्रेटरमध्ये सुमारे 40 अंश सेल्सिअसला ठेवा. लहान अळंबी रात्रभरात, मोठी चोवीस तासांत पापडासारखी कडक व्हायला हवी. वाकली तर अजून ओल आहे. तापमान वाढवून वेळ वाचवू नका. अळंबी शिजते आणि डीएनएची नासाडी होते. ओव्हन, उन्हातली काच किंवा मीठ नको. अगदी इवलीशी असेल तर सिलिका जेलच्या डबीत टाकली तरी वाळते. झिपच्या पिशवीत दोन-चार दाणे सिलिका जेल आणि कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नोंदीचा क्रमांक, तारीख, जागा. पिशवीवर मार्करने लिहिलेलं पुसलं जातं. नोंदीच्या टिपणात ‘नमुना वाळवून ठेवला आहे’ असं लिहा. पुढे डीएनएमधल्या आयटीएस भागाचा (अळंबीची जात ओळखायला वापरतात तो तुकडा) क्रम मिळाला तर ‘डीएनए बारकोड आयटीएस’ नावाच्या निरीक्षण-रकान्यात तो चिकटवता येतो. क्रम आला म्हणजे नाव आपोआप आलं, असं मात्र नाही. तो कशाशी जुळतो आणि त्या जुळणीमागचं नाव किती भरवशाचं, हे माणसालाच पाहावं लागतं.

तक्रारीच्या आणखी दोन गोष्टी. सेवा मोठे फोटो लांब बाजूला 2048 पिक्सेलवर आणून ठेवते. पात्यांच्या कडा आणि खवले त्यात थोडे मऊ होतात, म्हणून चढवण्याआधी फोटो कापून विषयावर आणावा आणि मूळ फाइल आपल्याकडे जपावी. दुसरं, परवान्याची मूळ निवड बिगर-व्यावसायिक क्रिएटिव्ह कॉमन्सची असते आणि ती तशीच ठेवली तर रिसर्च ग्रेड नोंद जीबीआयएफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. ‘सर्व हक्क राखीव’ केलं तर ती तिथे जात नाही. नोंद आणि फोटो यांचे परवाने वेगवेगळे असतात, दोन्ही तपासा.

नावं बदलत राहतात, त्याची सोय मात्र चांगली आहे. 2014 मध्ये हायग्रोफोरेसी कुलाची डीएनएच्या आधाराने मोठी फेरमांडणी झाली. ग्लायोफोरस, निओहायग्रोसायबी, पोर्पोलोमॉप्सिस हे वंश हायग्रोसायबीपासून वेगळे मांडले गेले. असा बदल आयनॅचरलिस्टवर लागू झाला की एकास एक नावं असलेल्या जुन्या नोंदी आपोआप नव्या नावाखाली जातात. एका नावाचे तीन तुकडे झाले आणि जागेवरून नवं नाव ठरवता आलं नाही, तर नोंदी मागे वंशात जातात. मग प्रत्येक नोंद कुणीतरी उघडून पाहावी लागते, आणि तेव्हा त्यात छेद, बुंधा, वास, ठसा हे आहे की फक्त वरून काढलेली लाल टोपी, यावर ती नोंद नव्या जातीत जाते की वंशातच राहते ते ठरतं.